कार्व्हर यांच्या अध्यापनाचीं पहिलीं वर्षें

थोर पुरुषांच्या कीर्तीचा एक चमत्कारिक नियम दिसतो. लोक त्यांचें एखादेंच कृत्य उचलून धरतात आणि त्या एका कृत्याच्या उजेडांत बाकीचें आयुष्य दिसेनासें होतें. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हें नांव घेतांच आपणांस भुईमुगाची शेंग आठवते. वीणा गवाणकर यांचें 'एक होता कार्व्हर' हें चरित्र १९८१ मध्यें प्रसिद्ध झालें, तेव्हांपासून हे अमेरिकन कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ मराठी घरांत जणूं आप्तच होऊन बसले आहेत. परंतु भुईमुगाच्या १०५ पाककृतींचें त्यांचें गाजलेलें पत्रक १९१६ सालचें आहे. त्या वेळीं त्यांनीं वयाची पन्नाशी ओलांडली होती, आणि शिक्षकाच्या पेशांत त्यांस वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. त्यांतील आरंभींचीं वर्षें, म्हणजे १८९४ ते १९०६ हा काळ, प्रस्तुत लेखाचा विषय आहे. शेतकी शिकवावयाची म्हणजे नेमकें काय शिकवावयाचें, कोणास शिकवावयाचें, आणि शिकणाऱ्याला ती शिकण्याची इच्छाच नसेल तर काय करावयाचें, हे प्रश्न त्या काळांत त्यांच्यापुढें एकामागून एक उभे राहिले. हे प्रश्न एकट्या अमेरिकेचे नाहींत, म्हणूनच त्यांचा इतिहास आपणहि वाचण्यासारखा आहे.

शेतकी हा महाविद्यालयांत शिकविण्याचा विषय आहे, ही कल्पना फार जुनी नव्हे. अमेरिकेंत १८६२ च्या मॉरिल कायद्यानें प्रत्येक राज्यास, काँग्रेसमधील त्याच्या दर प्रतिनिधीमागें ३०,००० एकर या प्रमाणांत, सरकारी जमीन देऊं केली आणि तिच्या उत्पन्नांतून शेतकी व यंत्रविद्या शिकविणारीं महाविद्यालयें काढावयास सांगितलें. पुढें १८८७ च्या हॅच कायद्यानें प्रत्येक राज्यांतील शेतकी प्रयोगक्षेत्रासाठीं वर्षास १५,००० डॉलर ठरविले. इमारती उठल्या, पैसाहि आला; परंतु शिकवावयाचें काय, हें ठरावयास बराच काळ जावा लागला. नांगर कसा धरावा हें शेतकऱ्याच्या मुलास घरींच कळत होतें, आणि जमीन कां बिघडते हें प्राध्यापकासहि पुरतें कळत नव्हतें. शेतकरी या साऱ्या खटाटोपाला 'पुस्तकी शेती' म्हणून हंसत. प्रयोगक्षेत्रांतून खात्रीचें ज्ञान हळूहळू जमूं लागलें, तेव्हां कोठें या विषयाला विषयाचें रूप आलें. कार्व्हर विद्यार्थी झाले ते याच संधिकाळांत.

त्यांचा जन्म १८६४ च्या सुमारास मिसूरी राज्यांतील डायमंड या खेड्याजवळ, मोझेस कार्व्हर नांवाच्या शेतकऱ्याच्या घरीं, एका गुलाम मातेच्या पोटीं झाला. नक्की जन्मतिथि त्यांस स्वतःसहि ठाऊक नव्हती. गांवची शाळा काळ्या मुलांस बंद असल्यामुळें लहानपणींच त्यांस घर सोडावें लागलें. कपडे धुणें, स्वयंपाक करणें, असलीं कामें करीत करीत त्यांनीं शिक्षण पुरें केलें. कॅन्ससमधील एका महाविद्यालयानें पत्रानें प्रवेश दिला आणि प्रत्यक्ष वर्ण पाहिल्यावर तो नाकारला, ही हकीकत प्रसिद्धच आहे. अखेर १८९० मध्यें आयोवा राज्यांतील सिम्प्सन महाविद्यालयांत त्यांस जागा मिळाली, ती चित्रकलेच्या वर्गांत. तेथील चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनीं त्यांचा हात ओळखला. पण केवळ कुंचल्यावर एका काळ्या मनुष्याचें पोट भरेल अशी आशा त्यांस वाटेना. या बाईंचे वडील एम्स येथील शेतकी महाविद्यालयांत फळबागशास्त्राचे प्राध्यापक होते. कार्व्हर यांचीं फुलाझाडांचीं चित्रें आणि झाडांवरील त्यांची माया पाहून बाईंनीं त्यांस एम्सला जाण्याचा सल्ला दिला. १८९१ मध्यें ते तेथें दाखल झाले. त्या महाविद्यालयाचे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी होत.

चित्रकला सोडून शेतकीकडे वळणें त्यांस सोपें गेलें नाहीं. शिकागो येथें १८९३ मध्यें भरलेल्या जागतिक प्रदर्शनांत त्यांचें एक चित्र मांडलें गेलें होतें व त्याची वाखाणणीहि झाली होती. आपल्या समाजास चित्रकारापेक्षां शेतकी जाणणाऱ्याची गरज अधिक आहे, या एका विचारानें त्यांनीं मन वळविलें. एम्सला आरंभीं इतर विद्यार्थ्यांच्या पंक्तीस बसण्याची त्यांस मनाई होती. तळघरांत नोकरांबरोबर जेवावें लागे. तरीहि तेथील अध्यापक मात्र त्यांस असे लाभले कीं जे विद्यार्थ्याच्या वर्णापेक्षां त्याच्या डोळ्यांकडे आधीं पाहत. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक लुई पॅमेल हे त्यांतील प्रमुख. रोगट पानावरची बुरशी हुडकून काढण्यांत या विद्यार्थ्याचा हात धरणारा दुसरा कोणी नाहीं, हें त्यांनीं लवकरच ओळखलें. १८९४ मध्यें कार्व्हर पदवीधर झाले. मनुष्याच्या हातून वनस्पतींत होणारे फेरफार हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

त्यांच्या अध्यापनास आरंभ झाला तो येथें. पॅमेल यांनीं त्यांस पुढील पदवीसाठीं ठेवून घेतलें व साहाय्यकाची जागा दिली. महाविद्यालयाचें कांचगृह त्यांच्या देखरेखीखालीं आलें आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस शिकविण्याचें कामहि त्यांजकडे सोंपविण्यांत आलें. अशा रीतीनें दोन वर्षें ते एकाच वेळीं विद्यार्थीहि होते व शिक्षकहि होते. सकाळीं जें आपण सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें तें दुपारीं दुसऱ्यास दाखवावयाचें, असा तो काळ. जन्मानें गुलाम असलेला मनुष्य गोऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांस वनस्पतिशास्त्र शिकवीत आहे, हें दृश्य त्या काळीं त्या देशांत दुर्मिळ होतें. महाविद्यालयांतील हेन्री सी. वॉलेस यांचा लहान मुलगा रानांत हिंडतांना त्यांच्याबरोबर असे. हा मुलगा म्हणजेच पुढें अमेरिकेचे शेतकीमंत्री व १९४१ ते १९४५ या काळांत उपाध्यक्ष झालेले हेन्री ए. वॉलेस होत. झाडांचें वेड आपणांस कार्व्हर यांनीं लाविलें, असें ते शेवटपर्यंत सांगत.

परंतु एम्सच्या अध्यापनांत एक मोठी सोय होती, जिची किंमत कार्व्हर यांस पुढें कळली. तेथें जमीन काळीभोर व कसदार, विद्यार्थी स्वतःच्या मालकीच्या शेतावरून आलेले, आणि ज्ञान घेऊन पुन्हां त्याच शेतावर जाणारे. शिक्षकानें केवळ शास्त्र सांगावयाचें. त्याचा उपयोग करण्याचें सामर्थ्य शिकणाऱ्याच्या घरीं आधींच होतें.

१८९६ मध्यें बुकर टी. वॉशिंग्टन यांचें बोलावणें आलें. अलाबामा राज्यांतील टस्कीगी येथें १८८१ मध्यें त्यांनीं काढलेली शाळा तोंवर नांवारूपास आली होती. विद्यार्थ्यांनीं स्वतः विटा भाजून तिच्या इमारती उभारल्या होत्या. शेतकीचा विभाग चालविण्यास एक शिक्षित कृष्णवर्णीय मनुष्य त्यांस हवा होता, आणि शेतकींतील वरिष्ठ पदवी घेतलेला असा मनुष्य त्या वेळीं देशांत कार्व्हर यांच्याशिवाय मिळण्यासारखा नव्हता. वर्षास १,००० डॉलर वेतन ठरलें. त्या वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत कार्व्हर टस्कीगीस पोहोंचले. आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनीं आपल्या वनस्पतिसंग्रहासाठीं जागा मागितली आणि आपण येथें फार वर्षें राहणार नसून पुढें पुन्हां चित्रकलेकडे वळण्याचा आपला बेत आहे, असेंहि कळविलें. तो बेत सिद्धीस गेला नाहीं. १९४३ च्या जानेवारींत मृत्यु येईपर्यंत ते तेथेंच राहिले.

आयोवांतून अलाबामांत येणें म्हणजे एका देशांतून दुसऱ्या देशांत येणें होतें. येथें तांबडी, धुपलेली, ओहळांनीं चिरलेली जमीन. आणि तिच्यावर एकच पीक, कापूस. झोंपडीच्या दारापर्यंत कापूस पेरलेला, परसांत भाजीचें पानहि नाहीं. कसणारा बहुधा बटाईदार. बियाणें, अवजार, इतकेंच नव्हे तर वर्षाचें धान्यहि दुकानदाराकडून उधार आणावयाचें आणि त्या उधारीचा बोजा पेरण्याआधींच पिकावर चढवावयाचा. खाणें म्हणजे खारवलेलें डुकराचें मांस, मक्याचें पीठ व काकवी. अशा अन्नानें पेलाग्रा नांवाचा रोग दक्षिणेंत किती घरें पोखरीत होता, हें डॉक्टरांस पुढें विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत नीट कळलें. कार्व्हर यांच्यापुढें हीं माणसें आलीं तीं त्याच्या बरींच आधीं.

पहिली अडचण मात्र जमिनीची नव्हती, विद्यार्थ्यांची होती. शेतकीच्या वर्गास येण्यास कोणी राजी नसे. यांत नवल कांहींच नाहीं. ज्यांच्या आईबापांनीं दुसऱ्याच्या मळ्यांत फटके खात कापूस वेंचला, त्या मुलांस शाळा म्हणजे कुदळीपासून सुटका वाटावी, हें स्वाभाविकच होतें. आमच्या मुलांस हातकाम देऊं नये, पुस्तकेंच शिकवावीं, अशीं पालकांचीं पत्रें येत, हें वॉशिंग्टन यांनीं आपल्या १९०१ मधील आत्मचरित्रांत स्वतःच नमूद केलें आहे. त्या पालकांस अडाणी म्हणून बाजूस सारणें सोपें आहे. पण त्यांचें म्हणणें विचार करण्यासारखें होतें. गोऱ्याच्या मुलास लॅटिन आणि आपल्या मुलास शेण, हा न्याय कोणता, असेंच त्यांस विचारावयाचें होतें. १९०३ मध्यें ड्यू बॉइस यांनीं वॉशिंग्टन यांच्या शिक्षणपद्धतीवर जी प्रसिद्ध टीका केली तिचें मर्म याहून फारसें निराळें नव्हतें.

या प्रश्नास कार्व्हर यांनीं वादानें उत्तर दिलें नाहीं. शेतकी ही हमाली नसून निरीक्षणाची विद्या आहे, असें दाखविण्याचा मार्ग त्यांनीं धरिला. प्रयोगशाळा नव्हती, उपकरणांस पैसा नव्हता. त्यांनींच पुढें सांगितल्याप्रमाणें ते विद्यार्थ्यांस घेऊन उकिरडे धुंडाळूं लागले. फुटक्या बाटल्या, डब्यांचीं झांकणें, जुनीं भांडीं, एक दिवा, असें साहित्य गोळा झालें आणि त्यांतून पहिली प्रयोगशाळा उभी राहिली. या गोष्टीचें कौतुक काटकसरीचा नमुना म्हणूनच होतें. पण तिच्यांत शिक्षणाचा एक बारीक हेतु होता. त्या मुलांच्या घरीं बाटल्या व डबेच असणार होते. कांचेच्या महाग नळ्यांवर शिकलेलें ज्ञान घरीं नेतां आलें नसतें.

१८९७ मध्यें अलाबामाच्या विधिमंडळानें टस्कीगी येथें प्रयोगक्षेत्र मंजूर केलें. त्यासाठीं वर्षास १,५०० डॉलर मिळत. त्याच राज्यांतील ऑबर्न येथील गोऱ्यांच्या महाविद्यालयाच्या प्रयोगक्षेत्रास हॅच कायद्याचे १५,००० डॉलर मिळत होते. हा दसपटीचा भेद पाहिल्यावर कार्व्हर यांच्या प्रयोगांचें स्वरूप आपोआप समजतें. विकत घेतलेल्या रासायनिक खतानें पीक वाढतें, हें सिद्ध करण्यांत त्यांस काय स्वारस्य असणार? ज्याच्यापाशीं एकच जनावर आणि उधारीचें बियाणें, त्या शेतकऱ्यास जें करतां येईल तेंच आपल्या १० एकरांत करून पाहावयाचें, असा त्यांनीं दंडक घातला. रानांतला पालापाचोळा आणि दलदलींतला कुजका गाळ गाडीनें आणून शेतांत घालावा, चवळी पेरावी, कारण तिच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र जमिनीस देतात, चवळीनंतर कापूस घ्यावा, रताळीं लावावीं, नांगरट खोल करावी. यांतील प्रत्येक गोष्ट कोठें ना कोठें माहीत होतीच. त्या शेतकऱ्याच्या ऐपतींत बसेल अशा रीतीनें ती मांडणें, हें नवें होतें.

१८९८ मध्यें त्यांचें पहिलें पत्रक निघालें. त्याचा विषय काय असावा? ओकच्या झाडाखालीं पडणारीं फळें डुकरांस कशीं चारावीं, हा! एम्सच्या पदवीधरानें आपल्या शास्त्राचा पहिला आविष्कार असल्या विषयांत करावा, हें कोणास हास्यास्पद वाटेल. पण तीं फळें फुकट मिळत होतीं आणि चाऱ्यास पैसे पडत होते. कार्व्हर यांचीं पत्रकें पुढें बरींच निघालीं. झिजलेल्या जमिनीचा कस कसा वाढवावा यावरील पत्रक १९०५ सालचें आहे. शेतकऱ्यास लागवड, गृहिणीस पाककृति आणि खेड्यांतील शिक्षकास वनस्पतींची माहिती मिळावी, अशी त्यांची योजना असे. जें शेतांत पेरा म्हणून सांगावयाचें तें चुलीवर कसें शिजवावें हेंहि सांगितलें पाहिजे, ही जाणीव त्या काळच्या शेतकी शिक्षणांत सर्वत्र आढळत नाहीं.

वर्गांत येणाऱ्यांपेक्षां न येणारे अधिक, हें लक्षांत आल्यावर कार्व्हर यांनीं वर्गच बाहेर नेण्यास आरंभ केला. १८९७ पासून शेतकऱ्यांच्या मासिक सभा भरूं लागल्या. १९०४ मध्यें हिवाळ्यांतील रिकाम्या दिवसांत शेतकऱ्यांसाठीं छोटा अभ्यासक्रम सुरू झाला. १९०६ मध्यें न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांच्या देणगींतून एक गाडी तयार झाली. तिच्यांत अवजारें, बियाणें, लोणी काढण्याचीं यंत्रें भरून ती गांवोगांव जाऊं लागली. चाकांवरची ही शाळा पुढें अनेक देशांत अनुकरणीय ठरली.

येथवरची हकीकत वाचून कोणाचा असा समज होईल कीं, हा सर्व यशाचाच इतिहास आहे. तसें नाहीं. अध्यापन हें एक आणि कारभार हा दुसरा. टस्कीगीस कार्व्हर यांच्या गळ्यांत शिकविण्याखेरीज शेतांची व्यवस्था, जनावरें, कोंबड्या, समित्या, अहवाल, सर्वच येऊन पडलें, आणि हिशेबाचें काम त्यांस कधींच साधलें नाहीं. १९०४ मध्यें कुक्कुटशाळेची चौकशी झाली, तेव्हां अहवालांतील कोंबड्या आणि खुराड्यांतील कोंबड्या यांचा मेळ बसेना. जॉर्ज ब्रिजफोर्थ या सहकाऱ्याशीं त्यांचें दीर्घकाळ वितुष्ट चाललें. राजीनाम्याच्या धमक्या झाल्या. वॉशिंग्टन यांनीं त्यांस एकदां स्पष्टच लिहिलें कीं, शिक्षक व व्याख्याते म्हणून आपली योग्यता मोठी आहे, पण कामाची बांधणी करण्याची हातोटी आपणांत नाहीं. १९१० मध्यें शेतकीचा विभाग ब्रिजफोर्थ यांजकडे गेला आणि कार्व्हर यांस संशोधनाचा निराळा विभाग मिळाला. भुईमुगाचें संशोधन पुढें बहराला आलें तें असें, कारभारांतून मोकळीक मिळाल्यानंतर.

याहूनहि मोठी मर्यादा त्यांच्या स्वभावांत नव्हती, परिस्थितींत होती. कापूस कमी करा, चवळी लावा, हा उपदेश निर्दोष होता. पण उधार देणारा दुकानदार कापसाच्याच तारणावर उधार देई. जमीन दुसऱ्याची, पीक गहाण पडलेलें, मग पेरणीचा निर्णय कसणाऱ्याच्या हातीं कसा राहणार? आज सुधारलेल्या जमिनीचा खंड उद्यां वाढणार, हेंहि त्यास ठाऊक होतें. शेतकी शिक्षणानें मनुष्याचें परस हिरवें होऊं शकतें, त्याच्या मुलांच्या ताटांत भाजी येऊं शकते. परंतु कायद्यानें व कर्जानें बांधलेले हात केवळ शिक्षणानें सुटत नाहींत. कार्व्हर यांनीं या गांठीस हात घातला नाहीं, असा आक्षेप पुढील काळांतील चरित्रकारांनीं घेतला आहे आणि तो खोडून काढणें कठीण आहे. मात्र जें परस हिरवें झालें तें कमी लेखण्याचा अधिकार भरल्या ताटावर बसणाऱ्यांस नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

या ठिकाणीं आपल्याकडील एका थोर पुरुषाचें स्मरण होतें. जोतीराव फुले यांनीं १८७३ मध्यें 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो गुलामांस दास्यांतून मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केला. त्या वर्षीं कार्व्हर हें आठनऊ वर्षांचें मूल होतें. पुण्यांत बसून फुले ज्या मुक्ततेचा गौरव करीत होते, ती मिळूनहि गांवच्या शाळेचा दरवाजा या मुलास उघडला नव्हता. पुढें १८८३ मध्यें 'शेतकऱ्याचा असूड' लिहितांना फुले यांनीं शेतकऱ्याच्या अज्ञानाचा विचार त्याच्या कर्जापासून, न्यायकचेरीपासून आणि सरकारी नोकरशाहीपासून वेगळा काढला नाहीं. डोंगरावरून वाहून जाणारी माती बांध घालून अडवावी हें त्यांनीं सांगितलें. पण त्याच हातानें ती माती कसणाऱ्याच्या गळ्याभोंवतालचा फांसहि दाखविला. एकानें गांठ दाखविली, दुसऱ्यानें ती असतांनाहि आज काय पेरतां येईल हें दाखविलें. शेतकी शिक्षणाचा विचार करणारास दोन्ही धड्यांची गरज आहे.

कार्व्हर यांच्याविषयींच्या दंतकथा तपासूं गेलें तर बऱ्याच गळून पडतात. भुईमुगाचें लोणी त्यांनीं शोधिलें नाहीं. कॅनडांतील मार्सेलस एडसन यांनीं त्या प्रकारच्या पदार्थाचें पेटंट १८८४ मध्येंच घेतलें होतें. शेंकडों पदार्थांच्या यादींतील पुष्कळ पदार्थ बाजारांत कधीं आलेच नाहींत. पेटंटें त्यांच्या नांवावर अवघीं तीन, आणि तीं सौंदर्यप्रसाधनांचीं व रंगांचीं. हें सारें वजा केलें म्हणजे भाविक वाचक हिरमुसतो. पण वजाबाकींत जें उरतें तें शिक्षकाचें काम आहे, आणि त्याला पुरावा आहे. जॉर्जियांतून थॉमस कॅम्पबेल नांवाचा एक गरीब मुलगा टस्कीगीस शिकावयास आला आणि शेतकीच्या वर्गांत दाखल झाला. जेसप यांच्या देणगीची गाडी तयार झाली त्याच वर्षीं, १९०६ मध्यें, ती चालविण्यास अमेरिकन सरकारच्या शेतकीखात्यानें त्याची नेमणूक केली. या कामावर नेमलेला तो पहिला कृष्णवर्णीय मनुष्य. ज्या वर्गास कोणी येईना, त्या वर्गांतला एक विद्यार्थी दहा वर्षांच्या आंत शिक्षक होऊन गाडी जुंपून गांवोगांव निघाला, आणि आपल्या गुरूनें जें १० एकरांत करून पाहिलें तें दुसऱ्यांच्या शेतांत करून दाखवूं लागला.